अर्धी वाटी तांदूळ

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी ओटा पुसत होते. "ताई, आजपण चहा-बिस्किटं खाऊन झोपते गं, एकटीसाठी कुठे कुकर लावत बसू?" असं तू अगदी सहज म्हणालीस. वर "आईला सांगू नकोस हं" अशी ताकीदही दिलीस. नाही सांगत काकूंना. पण माझ्या मनातून ते वाक्य काही केल्या जाईना, म्हणून आज बसून सगळं लिहितेय. सावकाश वाच. यातलं सगळं एका आठवड्यात जमायला हवं असं मुळीच नाही.

खरं सांगू का, तुला स्वयंपाक येत नाही ही खरी अडचणच नाहीये. तुझ्याकडे एकटीचं माप नाहीये. आपल्या कराडच्या घरांमध्ये पाच-सहा माणसांचं रांधलं जायचं. कुकरमध्ये डाळ-तांदळाचे भरलेले डबे, परातभर कणीक, आठवड्याची भाजी आणायला दोन मोठ्या पिशव्या. आपल्या हाताला आणि डोळ्यांना तेच माप माहीत. एका माणसाला किती लागतं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं, कारण घरात एकट्या माणसासाठी वेगळं रांधायची वेळच कधी येत नाही. मग पुण्यात येऊन खोली घेतली की बाजारात गोंधळ, ओट्याशी गोंधळ, आणि शेवटी बिस्किटं.

मी पहिल्यांदा कर्वेनगरला खोली घेतली तेव्हा पहिल्याच रविवारी हौसेने मंडईत गेले. १८८६ सालापासून उभी असलेली ती दगडी इमारत, वर तो मनोरा, गाळ्यांवर रचलेले भाज्यांचे ढीग. मला इतका आनंद झाला की बाबा घ्यायचे तसंच सगळं घेतलं. मेथीच्या दोन जुड्या, किलोभर वांगी, किलोभर टोमॅटो, कोबीचा गड्डा आणि अख्खा दुधी. गुरुवारपर्यंत मेथीचा लगदा झाला होता, वांगी सुरकुतली होती आणि टोमॅटोंना पाणी सुटलं होतं. ते सगळं कचऱ्यात टाकताना मी रडले गं. पैसे गेले याचं वाईट वाटलंच, पण आईने कधी काडीही वाया घालवली नाही आणि आपण हे काय करतोय, याचं जास्त वाटलं. म्हणून सांगते, पहिल्या महिन्यात तुझं काही नासलं तर मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी निम्मं आण, एवढंच.

आता भाजीपासूनच सुरू करू. एकटीसाठी भाजी घेताना तोंडातून "किलो" हा शब्द काढूच नकोस. पाव किलो हे तुझं माप. पाव किलो भेंडी किंवा गवार म्हणजे तुझ्या दोन वेळा निघतात. आठवड्यातून दोनदा जा, दरवेळी तीनच भाज्या घे. त्यातली एक पालेभाजी, एक फळभाजी आणि एक कोबी किंवा गाजरासारखी टिकणारी. पालेभाजी आणली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवायची, मग फळभाजी, आणि टिकाऊ भाजी शेवटी. हा क्रम एकदा अंगवळणी पडला ना, की निम्मी नासाडी थांबते.

घेताना भाजीला हात लावून बघायला लाजू नकोस. भेंडीचं टोक हलकेच वाकवून बघ, कोवळी असली तर कटकन मोडते. पण एखादीच बघ हं, सगळा ढीग मोडत बसलीस तर भाजीवाल्या मावशी ओरडतील आणि त्यांचं बरोबरच आहे. दुधीला नख सहज लागलं की तो कोवळा. वांगं चकचकीत आणि हाताला हलकं बघ, फार जड असलं तर आत बियाच जास्त निघतात. कोबी मात्र उलट, आकाराच्या मानाने जड आणि घट्ट हवा. बटाट्यावर हिरवट डाग असला तर घेऊच नकोस, तो भाग कडवट असतो आणि पोटालाही बरा नाही. वजन करायच्या आधी काट्यावर शून्य दिसतंय का, एवढं नजरेने बघून घे. एकाच मावशींकडे सलग चार-पाच वेळा गेलीस ना, की त्या स्वतःहून सांगायला लागतील, "आज गवार नको घेऊस बाळ, निबर आलीय." ती ओळख फार उपयोगाची असते गं, परक्या गावात तर जास्तच.

घरी आल्यावर कोथिंबीर धुऊन ठेवू नकोस. मुळं काढ, कोरड्या कागदात गुंडाळ आणि डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव. धुवायची ती वापरायच्या वेळी. कांदे-बटाटे फ्रिजबाहेर, पण वेगवेगळ्या टोपल्यांत. एकत्र ठेवले की बटाट्यांना लवकर कोंब फुटतात.

किराण्याचंही तसंच. मोठ्या दुकानात "दोनावर एक फुकट" बघून हात पुढे जातो, पण एकट्या माणसाला तीन पुडे संपवायला सहा महिने लागतात आणि तोवर त्यात टोके होतात. सुरुवातीला वाण्याकडेच जा, तिथे सुटं मिळतं. पहिल्या महिन्यासाठी तुला माझा अंदाज सांगते. तांदूळ दोन किलो, कणीक दोन ते तीन किलो, तूरडाळ अर्धा किलो, मूगडाळ अर्धा किलो, अख्खे मूग पाव किलो, जाडे पोहे अर्धा किलो, रवा अर्धा किलो, बेसन पाव किलो, शेंगदाणे पाव किलो, तेल एक लिटर, साखर एक किलो, गूळ पाव किलो, चहा पाव किलो, मीठ एक पुडा. तांदळाचं दोन किलो कुठून आलं सांगू? आपली आमटीची स्टीलची वाटी असते ना, तिने अर्धी वाटी तांदूळ हे तुझं एका वेळचं माप. ते साधारण साठ-सत्तर ग्रॅम भरतात. दिवसातून एकदा भात धरला तर महिन्याचे दोन किलो. बघ, किती सोपा हिशोब आहे! महिनाअखेरीला काय उरलं आणि काय आधीच संपलं ते एका वहीत लिही. दुसऱ्या महिन्यात तुझी स्वतःची यादी तयार होईल, मग माझी फेकून दे.

तांदूळ इंद्रायणी घेतलास तर तो मऊ आणि चिकट होणार हे लक्षात ठेव. वरणाबरोबर फार छान लागतो, पण मोकळा होत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. मोकळा हवा असेल तर कोलम घे. रवा आणलास की कोरडाच मंद आचेवर हलका भाजून, गार करून डब्यात भर. त्याला लवकर अळ्या होत नाहीत आणि उपमाही पटकन होतो. मोहरी, जिरं पन्नास-पन्नास ग्रॅम पुरे. हळद शंभर ग्रॅम, हिंगाची सगळ्यात छोटी डबी, आणि तिखट वेगळं घेऊच नकोस. काकूंनी दिलेला कांदा-लसूण मसाला आहे ना तुझ्याकडे? मग झालं तर. तो कोरड्या चमच्यानेच घेत जा म्हणजे वर्षभर टिकेल.

भांडी विकत घ्यायचा उत्साह मात्र थोडा आवर. दोन किंवा तीन लिटरचा छोटा कुकर, एक तवा, एक कढई, झाकणासकट एक पातेलं, चहाचं भांडं, गाळणी, चाळणी, सांडशी, उलथनं, डाव आणि चांगली धारदार सुरी. बोथट सुरी घसरते आणि हात कापते, म्हणून तिथे पैसे वाचवू नकोस. इंडक्शनची शेगडी घेणार असशील तर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतंय का ते बघूनच भांडं घे. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणारच नाही. गॅस हवा असेल आणि भाड्याच्या खोलीच्या पत्त्याची अडचण असेल, तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, एकटीला तो पुरतो.

आता थोडं रागावून सांगते ते ऐक. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद म्हणजे बंद. गॅसचा वास आला तर दिवा लावायचा नाही, बंद करायचा नाही, कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या सताड उघडायच्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची झडप उघडून भागत नाही. मग बाहेर येऊन १९०६ या नंबरला फोन करायचा. हा नंबर आजच्या आज फोनमध्ये टाक. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नकोस, गॅस बंद करून वर झाकण ठेव. हात भाजला तर वीसेक मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धर. टूथपेस्ट, शाई असलं काही लावायचं नाही.

आणि कुकरला घाबरू नकोस. तो भरवशाचा गडी आहे, फक्त त्याचे दोन-तीन नियम पाळायचे. शिट्टीचं भोक मोकळं आहे ना ते उजेडात धरून बघायचं, डाळ-तांदूळ आणि पाणी मिळून निम्म्याच्या वर भरायचं नाही, आणि वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण ओढायचं नाही. मी एकदा डबे आत ठेवले आणि तळाला पाणी घालायलाच विसरले. शिट्टी काही होईना, वास मात्र करपल्याचा. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला, म्हणजे त्याने त्याचं काम चोख केलं, आणि मी त्या रात्री दूध-पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी नवा व्हॉल्व्ह आणून बसवला. त्या दिवसापासून माझी सवय अशी की आधी कुकरमध्ये पाणी ओतायचं, मगच डब्यांना हात लावायचा. तूही हीच सवय लाव.

आईला कधी फोनवर विचारलंयस का, मीठ किती घालू? काकू म्हणणार, "अंदाजाने." त्यांचं चूक नाही गं, तो अंदाज पंचवीस-तीस वर्षांच्या हाताचा असतो. आपला हात अजून तितका तयार नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, आणि इतक्या घरांमधल्या ओट्यांवर ते का पोहोचलं असेल सांग? बाईंनी मापं वाटी-चमच्यांत दिली. वजनकाटा नको, अंदाजही नको. घरात जी वाटी आहे तीच घ्यायची. तूही एक वाटी आणि एक चमचा तुझ्या मापाचे म्हणून ठरवून टाक आणि रोज तेच वापर. महिन्याभरात तुझाही अंदाज तयार होईल.

पहिला पदार्थ मी सांगते तो कर, खिचडी. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, दोन-तीनदा धुऊन घे. कुकरमध्ये दोन चमचे तेल तापव. मोहरी पूर्ण तडतडू दे, घाई केलीस की ती कडू लागते. मग जिरं, चिमूटभर हिंग, पाव चमचा हळद, चिरलेला कांदा आणि असला तर टोमॅटो. कांदा मऊ झाला की डाळ-तांदूळ घालून परत, चमचाभर कांदा-लसूण मसाला घाल, चवीला मीठ आणि अडीच वाट्या पाणी. झाकण लाव, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या आणि मग गॅस बंद. वाफ जिरेपर्यंत ताट घे, पापड भाज, लोणच्याची बरणी काढ. वरून तूप. अर्ध्या तासात गरम जेवण, आणि घासायला एकच भांडं! सैल झाली तर आसट खिचडी म्हणून खा. घट्ट झाली तर गरम पाणी घालून ढवळ. खिचडी बिघडवणं खरंच अवघड आहे, म्हणून तर ती पहिली.

दुसऱ्या आठवड्यात पोहे आणि पिठलं. पोहे मी पहिल्यांदा तांदळासारखे पातेल्यात पाणी घालून भिजत ठेवले होते, त्यांचा चांगला गोळा झाला. तसं नाही करायचं. चाळणीत घेऊन नळाखाली धरायचे, पाणी निथळू द्यायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचे, बस्स. पिठल्यासाठी पाव वाटी बेसन आधी गार पाण्यात हाताने कालवून घे म्हणजे गुठळ्या होत नाहीत. एकूण वाटीभर पाणी होऊ दे. लसूण-मिरचीच्या फोडणीत ते ओत, सतत ढवळ, घट्ट होत आलं की झाकण ठेवून दोन वाफा काढ. तिसऱ्या आठवड्यात मूग. रात्री भिजत घालायचे, सकाळी ऑफिसला जाताना पाणी काढून फडक्यात बांधून जायचं. संध्याकाळी येशील तेव्हा मोड डोकावत असतील. निम्म्यांची उसळ कर, उरलेले फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपव.

पोळ्यांचं काय, असं विचारशीलच. पोळ्या विकत आण. अगदी निर्धास्त आण. तुझ्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्रं आहेत, तिथल्या बायका पहाटेपासून तव्यापाशी उभ्या असतात, त्यांच्या कष्टाची पोळी खाण्यात कसलाही कमीपणा नाही. भाजी, वरण, कोशिंबीर घरची आणि पोळ्या आणलेल्या, हे छान घरचं जेवण आहे. रविवारी वेळ असेल तेव्हा दोनच पोळ्या लाटून बघ. नकाशे झाले तर होऊ देत, पोटात गेल्यावर सगळ्यांचा आकार सारखाच.

उरलेल्या भाताकडे मात्र लक्ष दे. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वासाने चांगला वाटला तरी बाधू शकतो. दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी शेंगदाणे घालून फोडणीचा भात कर आणि चांगला वाफाळेपर्यंत गरम कर. मला तर कित्येकदा मूळ भातापेक्षा तोच आवडतो.

आणि बघ, काही संध्याकाळी तुला खरंच काही करवणार नाही. लोकल बस चुकलेली असेल, साहेब काहीतरी बोलले असतील, पाय दुखत असतील. त्या दिवसांसाठी आधीच तजवीज करून ठेव. भाजून सोललेले शेंगदाणे, गूळ, दही, दोन उकडलेले बटाटे, काकूंनी दिलेली भाजणी. दही-पोहे कालवायला पाच मिनिटं लागतात, धिरड्याला दहा. हेही जेवणच आहे. बिस्किटं जेवण नाही, एवढाच माझा हट्ट.

आता जे सांगायला मी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते. "एकटीसाठी कुठे करत बसू" हे वाक्य आपण घरात ऐकत मोठ्या झालो. आठवतं का, सगळे बाहेर गेले की आई काय खायची? कालची पोळी चहात बुडवून, उभ्या उभ्या. पाहुणा आला की शिरा, मुलं घरी असली की भजी, आणि ती एकटी असली की काहीच नाही. आपल्याला वाटायचं, आईला असंच आवडतं. तिला तसं आवडत नसणार गं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तीसुद्धा मोजायची असते. स्वयंपाक म्हणजे सासरी द्यायची परीक्षा, असंच आपल्याला शिकवलं गेलं. म्हणून तुला वाटतं की खाणारं कुणी समोर नसेल तर तो करायचा कशाला. पण तू आहेस ना खाणारी! दिवसभर दमून आलेली, भुकेलेली मुलगी तुझ्या खोलीत रोज संध्याकाळी येते. ती पाहुणी म्हणून आली असती तर तिच्यापुढे तू बिस्किटांचा पुडा ठेवला असतास का? आणि तुझा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी शिकायला बाहेर पडेल ना, त्यालाही हीच वाटी दाखव. भूक त्यालाही लागणार आहे.

म्हणून ताट घे. एकटी असलीस तरी पातेल्यातून खाऊ नकोस, खाली बसून ताटात वाढून घे, लिंबाची फोड ठेव. पहिले काही दिवस खोली फार शांत वाटेल, घास गिळताना घर आठवेल. मलाही आठवायचं. तेव्हा रेडिओ लाव, नाहीतर मला फोन कर, आपण दोघी आपापल्या ताटांशी बसून बोलू. हळूहळू ती शांतता सवयीची होते, आणि एखाद्या दिवशी फोडणीचा वास जिन्यापर्यंत येतो आणि तुझ्या लक्षात येतं की हा वास आपल्या घराचा आहे.

आज संध्याकाळी फार काही करू नकोस. येताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडून अर्धा किलो तांदूळ आणि पाव किलो मूगडाळ घे. आल्यावर हातपाय धू, अर्धी वाटी मोजून घे, कुकर लाव आणि मला फोन कर. स्पीकर चालू करून ओट्यावर ठेव. शिट्ट्या मी मोजते.